कॅराव्हॅनसोबत कोणती शेगडी न्यावी? पोर्टेबल बार्बेक्यूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं फिरतं घर, घेऊन हिंडायला लागून आम्हाला दहा-अकरा वर्षं झाली. ईस्टरची सुट्टी जवळ आली की ओळखीच्या मराठी घरांमधून फोन सुरू होतात. कोणी नुकतीच जुनी कॅराव्हॅन घेतलेली असते, कोणी भाड्याने घेऊन पहिल्यांदाच कॉर्नवॉलला निघालेलं असतं. ऑनिंग (कॅराव्हॅनच्या बाजूला जोडायचा तंबू) कोणतं, गाडी ओढेल का, हे विचारून झालं की गोष्ट बार्बेक्यूवर येते. त्या फोनांवर दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. इथलं सगळं ब्रिटनमधल्या कॅराव्हॅन लावायच्या साइट्स, ब्रिटनमधले सिलिंडर आणि आपलं जेवण धरून आहे.

कॅराव्हॅनमध्ये चार बर्नरची शेगडी आहे. मग बार्बेक्यू हवाच कशाला?

एकदा आत बांगडे तळून बघा. गाद्या, पडदे आणि पांघरुणं पुढचे चार दिवस त्याची आठवण देत राहतात. कॅराव्हॅन म्हणजे छोटंसं बंद खोकं. लसणाची फोडणी, मिरचीचा खाट, माशाचं तेल यातलं काहीही बाहेर जायला मागत नाही. आमच्याकडे बार्बेक्यू आला तो चैन म्हणून आला नाही, आतला वास बाहेर काढण्यासाठी आला. आता सुट्टीतलं निम्म्याहून अधिक जेवण बाहेरच होतं, आणि आतला ओटा चहा आणि कुकरपुरता उरला आहे.

म्हणून शेगडी निवडताना स्वतःला विचारा: शनिवारी संध्याकाळी एकदा कबाब भाजायचे आहेत, की रोजचा स्वयंपाक बाहेर करायचा आहे? पुढची सगळी उत्तरं यावरून बदलतात.

कोळसा, गॅस की वीज?

पहिल्या खरेदीला गॅस घ्या. हे माझं ठाम मत आहे, आणि कोळशावर माझं प्रेम असूनही आहे.

कोळशाची चव वेगळी लागते, यात वाद नाही. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो तो गॅसच्या तव्यावर येत नाही. पण निखारे तयार व्हायला अर्धा तास लागतो, जेवण झाल्यावर ते तासन्‌तास धगधगत राहतात, राख कुठे टाकायची हा प्रश्न उरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं असेल तर काळवंडलेली शेगडी गाडीत भरावी लागते. शिवाय कोरड्या उन्हाळ्यात साइटवाले सगळ्यात आधी बंदी घालतात ती कोळशावर.

कोळसाच हवा असेल तर झाकणाची छोटी गोल किटली घ्या. वेबरचा ‘स्मोकी जो’ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, वजन चार-पाच किलो. (वेबरच्या या गोल आकाराची जन्मकथा मला फार आवडते. १९५२ साली शिकागोत धातूचे बोये बनवणाऱ्या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफन यांनी एक बोया मधून कापला आणि अर्ध्याची शेगडी, अर्ध्याचं झाकण केलं.) जर्मन ‘लोटसग्रिल’मध्ये बॅटरीवरचा पंखा असतो, त्यामुळे थोड्याच कोळशात चटकन आच लागते, धूर कमी होतो आणि बाहेरचं भांडं फारसं तापत नाही. जागा कमी असेल तर ती चांगली वस्तू आहे. मात्र साइटच्या नियमांत तीही कोळशाचीच शेगडी धरली जाऊ शकते, हे विसरू नका.

गॅस पाच-दहा मिनिटांत तापतो, आच हवी तशी कमी-जास्त होते, आणि बंद केला की बंद. विजेबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण त्यात गणित आहे.

निळा सिलिंडर की लाल?

निळा म्हणजे ब्युटेन, लाल म्हणजे प्रोपेन. हिरवा ‘पॅटिओ गॅस’ही प्रोपेनच असतो, फक्त त्याचा रेग्युलेटर वेगळा, दाबून बसवायचा असतो.

फरक थंडीचा आहे. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ होऊन बर्नरपर्यंत येते. ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते. प्रोपेनची उणे ४२ अंशांपर्यंत होत राहते. म्हणजे जुलैत डेव्हनला निळा उत्तम चालतो, पण ऑक्टोबरच्या सुट्टीत स्कॉटलंडला गेलात आणि पहाटे पारा दोन-तीन अंशांवर आला, की निळ्या सिलिंडरवरची ज्योत मलूल होते. सिलिंडर अर्धा भरलेला असतो आणि माणसाला वाटतं गॅस संपला. वर्षभर फिरणार असाल तर सरळ लाल ठेवा.

सिलिंडर उभाच ठेवायचा, प्रवासातही. आडवा झाला तर द्रव नळीत शिरतो.

कॅराव्हॅनच्या बाहेरच्या बाजूला गॅसचा पॉइंट आहे. त्याला कोणताही गॅस बार्बेक्यू जोडता येतो का?

नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. आमचेही गेले.

साधारण २००३-०४ नंतरच्या कॅराव्हॅनमध्ये गॅसच्या कप्प्यातच भिंतीवर एक रेग्युलेटर बसवलेला असतो. तो ब्युटेन असो वा प्रोपेन, दाब ३० मिलिबारवर आणतो. बाहेरच्या पॉइंटमधून हाच ३० मिलिबारचा गॅस येतो. म्हणून त्याला जोडायचा बार्बेक्यू ३० मिलिबारवर चालणारा असला पाहिजे. बार्बेक्यूच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर हा आकडा छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन चुका नेहमी होतात. पहिली: एकदाच वापरायच्या छोट्या गॅसच्या डब्यावर चालणारा बार्बेक्यू घेतला जातो. त्या डब्यातला दाब पुष्कळ जास्त असतो आणि बर्नरचं भोक त्या हिशेबाने बारीक केलेलं असतं. तो पॉइंटला जोडला तर ज्योत मेणबत्तीसारखी लुकलुकते. आम्ही पहिला बार्बेक्यू असाच घेतला. दुकानातल्या माणसाने ‘नळी बदला, चालेल’ असं सांगितलं होतं. नळी बदलली, आणि कोंबडीच्या तंगड्यांना भाजायला पावणेदोन तास लागले. मुलं बिस्किटं खाऊन झोपली.

दुसरी चूक: बार्बेक्यूसोबत आलेला २८ किंवा ३७ मिलिबारचा रेग्युलेटर तसाच नळीवर ठेवून ती पॉइंटला जोडणं. आधीच कमी केलेला दाब पुन्हा कमी होतो. पॉइंटला जोडताना मधला रेग्युलेटर काढायचा असतो आणि नळीच्या टोकाला तुमच्या पॉइंटला बसेल असं खटक्याचं टोक लावायचं असतं. ते टोक कॅराव्हॅनच्या मेकप्रमाणे वेगळं असतं, तेव्हा दुकानात जाताना पॉइंटचा फोटो काढून न्या.

एकच मॉडेल दोन प्रकारांत विकलं जातं, हे फार लोकांना माहीत नसतं. ‘काडॅक’ ही १९४८ पासूनची दक्षिण आफ्रिकी कंपनी. इथल्या साइटवर दर चार-पाच कॅराव्हॅनमागे तिची एक गोल शेगडी दिसते. तिचा ‘सफारी शेफ’ कमी दाबाचाही मिळतो आणि छोट्या डब्यावर चालणारा जास्त दाबाचाही. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचूनच घ्या.

पॉइंट नसेल तर नव्याने बसवून घेता येतो. मात्र ते काम गॅसचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. किंवा बाहेर वेगळा छोटा सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर ठेवा. तेही चांगलं चालतं.

छोटा गॅसचा डबा किती वेळ पुरतो?

शेगडीच्या पट्टीवर बर्नरची ताकद लिहिलेली असते. २ किलोवॉटचा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण १४५ ग्रॅम गॅस खातो. म्हणजे ४४५ ग्रॅमचा आटे असलेला डबा तीन तास. कॅम्पिंगगॅझ या कंपनीचा २.७५ किलोचा ९०७ नंबरचा सिलिंडर अठरा-एकोणीस तास.

एका रात्रीच्या जेवणाला आपल्याला दीड तास आच लागते, कारण आपलं जेवण एका घाण्यात होत नाही: आधी पापड, मग पनीर, मग चिकन, शेवटी कोणाला तरी गरम पोळी हवी असते. म्हणजे दोन दिवसांत एक डबा. आठवड्याच्या सुट्टीसाठी डब्यांवर अवलंबून राहणं महाग पडतं आणि रिकाम्या डब्यांचा कचराही होतो. शिवाय जळताना डबा स्वतःच थंड होत जातो आणि शेवटच्या पाऊण तासात आच पडते. डब्याची शेगडी एका दिवसाच्या सहलीला ठेवा.

साइटवर वीज असतेच. विजेचा बार्बेक्यू घेतला तर सगळी कटकट मिटेल ना?

कधी कधी मिटते. आधी अँपिअर विचारा.

ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या साइटवर १६ अँपिअर मिळतात: २३० व्होल्टने ३६८० वॉट. काही साइटवर १० अँपिअर, म्हणजे २३०० वॉट. युरोपात ६ अँपिअरही भेटतात, म्हणजे जेमतेम १३८० वॉट. विजेचे चांगले बार्बेक्यू २००० ते २२०० वॉट घेतात. १० अँपिअरवर तो लावला आणि त्याच वेळी आत कोणी चहाची किटली चालू केली, की खांबावरचा खटका पडतो आणि अंधारात वॉर्डनला शोधत फिरावं लागतं. पाणी तापवायचा हीटरही यात धरा.

ज्यांना गुडघेदुखीमुळे सिलिंडर उचलणं जमत नाही, किंवा जे नेहमी १६ अँपिअरच्या साइटवरच जातात, त्यांना वीज सोयीची आहे. घराबाहेर वापरायचं लेबल असलेलाच घ्या, आणि कॅराव्हॅनच्या बाहेरच्या झाकणाच्या सॉकेटला लावा. खिडकीतून वायर काढून नको.

किती मोठा घ्यावा?

चौघांना ३० सेंटिमीटर व्यासाचा तवा पुरतो, पण दोन घाणे काढावे लागतात. सहा-आठ जण, पाहुणे येणारच असं घर असेल, तर ४५-५० सेंटिमीटरचा, पायांवर उभा राहणारा.

दुकानात मोठाच आवडतो. पण कॅराव्हॅनच्या वजनाचं बंधन लक्षात घ्या. रिकाम्या कॅराव्हॅनचं वजन आणि भरलेलीचं कमाल वजन यांतला फरक हीच तुमची मुभा, आणि अनेक चार बेडच्या कॅराव्हॅनना ती १५०-१६० किलोंच्या आसपासच असते. त्यात ऑनिंग, पाण्याचे पिंप, खुर्च्या, कपडे, आणि आपल्याकडे कुकर, पीठं, मसाल्याचा डबा, दहा किलो तांदूळ. छोटी गोल गॅस शेगडी चार-पाच किलोंची असते, बिडाच्या जाळीचा ओतीव ॲल्युमिनियमचा बार्बेक्यू तेरा ते वीस किलोंचा. हे दहा-पंधरा किलो कुठून काढणार ते आधी ठरवा. नेताना शेगडी खाली, चाकांच्या आसाजवळ ठेवा किंवा सरळ मोटारीच्या डिकीत. मागच्या टोकाला जड वस्तू ठेवली तर कॅराव्हॅन हेलकावे खाते.

घरात अर्धे शाकाहारी आहेत. एकाच शेगडीवर कसं जमवायचं?

हा प्रश्न इथल्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही, आणि आपल्याकडे तो पहिला असतो. पुण्याहून आई-बाबा किंवा सासूबाई येतात, चातुर्मास लागलेला असतो, आणि शेजारच्या तव्यावर चिकन चरचरत असतं. ‘मी आपली दहीभातच खाते’ असं म्हणून त्या आत जाऊन बसतात. बाहेर सगळे हसतखेळत जेवत असताना एक माणूस एकटं आत बसलंय, हे मला फार लागतं. ते टाळता येतं.

एक मोठा बार्बेक्यू घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. एक कायमचा शाकाहारी, त्याचं उलथनं-चिमटाही वेगळा, मुठीला रंगीत चिकटपट्टी लावलेली. वजन मोठ्या एकाइतकंच होतं, आणि एकाच वेळी दोन्हीकडे जेवण तयार होतं. पॉइंट एकच असेल तर दुसऱ्याला छोटा सिलिंडर.

ते शक्य नसेल तर ज्याचे तवे सुटे निघतात अशी शेगडी घ्या आणि एक तवा जास्तीचा विकत घ्या. आधी शाकाहारी भाजायचं, मग तवा बदलायचा. मात्र खालचा तेल साठणारा थाळा दोघांचा एकच असतो, हे काटेकोर पाळणाऱ्यांना आधीच सांगा. लपवून ठेवू नका.

कच्चं चिकन धरलेला चिमटा शिजलेल्या चिकनला लावायचा नाही, हेही याच ओघात. आणि आतून शिजलं का हे रंगावरून ठरवू नका, कारण तिखट-हळदीच्या लेपात रंग कळतच नाही. टोचायचा थर्मामीटर दहा-बारा पौंडांत मिळतो. मधोमध ७० अंश आणि ते दोन मिनिटं टिकलेले असले पाहिजेत.

भरीत, थालीपीठ, भाकरी, बांगडा: यातलं काय जमतं?

भरताचं वांगं कोळशावर सर्वोत्तम. निखाऱ्यांवर थेट ठेवा, दोन-तीनदा फिरवा, वीस-पंचवीस मिनिटांत साल सुटते. गॅसवर झाकणाखाली ठेवलं तर ते शिजतं, पण धुराची चव कमी. त्यापेक्षा ज्या गोल शेगडीवर भांडं ठेवायचं कडं मिळतं, त्या कड्यावर उघड्या ज्योतीवर भाजा, घरच्यासारखं. आषाढातली कांदेनवमी नेमकी जून-जुलैत, इथल्या कॅम्पिंगच्या हंगामात येते. गेली काही वर्षं आम्ही ती कॅराव्हॅनबाहेरच करतो: कांद्याची भजी, भरीत, भाकरी. जून संपताना इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

थालीपीठ सपाट तव्यावर छान होतं. झाकण ठेवलं की खरपूस होतं. भाकरीसाठी मात्र या शेगड्यांचे लेप दिलेले तवे वापरू नका. कोरड्या तव्यावर जास्त आच लागली की लेप खराब होतो. कड्यावर आपला लोखंडी तवा ठेवा आणि भाकरी दुसऱ्या बाजूने थेट ज्योतीवर फुगवा. लेपाच्या तव्यावर लोखंडी उलथनंही नको, लाकडी आणा.

बांगडा उन्हाळ्यात कॉर्नवॉल-डेव्हनच्या किनाऱ्यावर ताजा मिळतो, मुलं गळ टाकून धरतातसुद्धा. त्याला चरबी सुटते आणि उघड्या जाळीवर भडका उडतो. खाचांचा तवा असेल तर चरबी कडेने खाली जाते. हळद, तिखट, आगळ लावून अर्धा तास ठेवा, पोटात वाटण भरा, मध्यम आच.

मक्याचं कणीस इथलं फार गोड असतं, साखर लवकर जळते. आच मंद ठेवा. लिंबू, तिखट, मीठ आपलंच.

पाऊस आला. बार्बेक्यू ऑनिंगमध्ये घेतला तर चालेल का? एक बाजू उघडी ठेवली तर?

नाही. एक बाजू उघडी ठेवूनही नाही, आणि ‘विझलाय’ म्हणूनही नाही.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणजे श्वास चालू असतानाही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं दिवसभराचा प्रवास अंगावर आला. निखारे लाल दिसेनासे झाले तरी तासन्‌तास हा वायू सुटत राहतो. जेवण झाल्यावर ऊब मिळेल म्हणून तंबूत शेगडी ठेवली आणि सकाळी माणसं उठलीच नाहीत, असं ब्रिटनमध्ये एकदा नाही, अनेकदा झालं आहे.

नॉरफोकच्या किनाऱ्यावर एका पावसाळी संध्याकाळी शेजारच्या कुटुंबाने पेटलेली कोळशाची शेगडी ऑनिंगमध्ये ओढली. आत दोन लहान मुलं रंगवत बसली होती. परक्याला सांगावं की नाही या विचारात मी पाच मिनिटं घालवली. ती पाच मिनिटं मला अजून टोचतात. मग जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच शेगडी बाहेर काढली, आणि रात्री आभार मानायला केक घेऊन आले. तुम्हाला असं काही दिसलं तर थांबू नका.

गॅसच्या शेगडीलाही हेच लागू. हवा कमी पडली की गॅसही कार्बन मोनॉक्साइड देतो. त्यात आणखी एक धोका: हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणूनच कॅराव्हॅनच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. ती कधीही बुजवू नका, कितीही गार वारा येत असला तरी.

कॅराव्हॅनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. ईएन ५०२९१-२ हा आकडा असलेला घ्या, तो फिरत्या वाहनांसाठीचा आहे. पावसाची तयारी म्हणून मोठी, चारही बाजूंनी मोकळी छत्री किंवा ताडपत्री डोक्यापेक्षा बरीच उंच बांधता येते. नाहीतर त्या दिवशी आत खिचडी टाका. पावसाळी संध्याकाळी तिच्याइतकं दुसरं सुख नाही.

सुपरमार्केटमधला एकदाच वापरायचा बार्बेक्यू घेतला तर?

घेऊ नका. ॲल्युमिनियमच्या त्या ट्रेखालचं गवत जळतं, ट्रे लवकर निवत नाही, आणि लोक तो गरम असतानाच कचऱ्यात टाकतात. मे २०२० मध्ये डॉर्सेटमधल्या वेअरहॅमच्या जंगलात आग लागली. दोनशे हेक्टरच्या आसपास जंगल जळालं, आणि तिथे असे टाकून दिलेले ट्रे सापडले. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पारा ४० अंशांवर गेला, त्यानंतर लोकांचंही मत बदललं. २०२३ मध्ये वेटरोज आणि आल्डीने हे ट्रे विकणंच थांबवलं. न्यू फॉरेस्टमध्ये जुलै २०२३ मध्ये उघड्यावर बार्बेक्यू आणि शेकोटीला कायद्यानेच बंदी आली. साइटबाहेर, माळावर किंवा जंगलात शेगडी काढण्याआधी तिथली पाटी वाचा.

साइटवाल्यांचे नियम काय असतात?

प्रत्येकाचे थोडे वेगळे, पण बहुतेक ठिकाणी शेगडी जमिनीपासून वर हवी, गवत जळता कामा नये, ऑनिंगपासून आणि शेजाऱ्यापासून लांब हवी, जवळ बादलीभर पाणी हवं. दोन कॅराव्हॅनमध्ये सहा मीटर अंतर ठेवायची इथे रीत आहे. ती आगीच्या भीतीनेच आहे. बुक करतानाच विचारा: कोळसा चालतो का? नुसतं ‘बार्बेक्यू चालतो’ एवढ्यावर समाधान मानू नका.

फ्रान्सला नेणार आहोत. वेगळं काय?

तीन गोष्टी. दक्षिण फ्रान्समध्ये उन्हाळ्यात वणव्यांच्या भीतीने बहुतेक कॅम्पसाइटवर कोळसा चालत नाही. गॅस किंवा वीज, नाहीतर साइटने बांधलेली सामाईक चूल. दुसरं, ब्रिटनचे निळे-लाल सिलिंडर तिथे बदलून मिळत नाहीत. कॅम्पिंगगॅझचा ९०७ मात्र सहज मिळतो, म्हणून महिनाभर जाणारे तोच नेतात. बोटीवर किंवा समुद्राखालच्या बोगद्यातून जाताना सिलिंडर बंद हवा, आणि किती सिलिंडर न्यायला परवानगी आहे ते तिकीट काढतानाच बघा.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांना हमखास नडते. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. घरून मसाला लावून आणलेलं चिकन नाही, पनीरही नाही, तूपही नाही. एप्रिल २०२५ पासून परत येतानाही तिकडून मांस-चीज आणायला बंदी आहे. कोरडे मसाले न्या, दही-चिकन तिथल्या दुकानातून घ्या. पनीर तिथल्या दुधाचं घरीच होतं: दोन लिटर दूध, एक लिंबू, आणि आईचा एखादा मऊ पंचा.

वाऱ्यात ज्योत विझते. काय करावं?

घेतानाच बर्नरभोवती कड असलेली आणि घुमटासारखं झाकण असलेली शेगडी घ्या. वेल्सच्या किनाऱ्यावर झाकणाशिवाय पाणीसुद्धा उकळत नाही. कॅराव्हॅनच्या आडोशाला, पण भिंतीपासून दोन पावलं लांब उभी करा. कॅराव्हॅनच्या खिडक्या प्लॅस्टिकच्या असतात आणि जवळच्या आचेने वाकतात. वाऱ्याला आडोसा म्हणून शेगडीभोवती पत्रे गुंडाळू नका. उष्णता सिलिंडरकडे जाते.

जुना, वापरलेला घेतला तर चालेल?

सांगाडा आणि तवे जुने चालतील. नळी आणि रेग्युलेटर नवे घ्या. नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षांच्या आसपास ती बदलायची, रेग्युलेटर दहा वर्षांनी. नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या तर लगेच टाका. जोडणी झाल्यावर साबणाच्या पाण्याचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. आणि इथल्या सिलिंडरांचे आटे बरेचदा उलटे असतात. पाना उलट्या बाजूला फिरवून जोर लावण्याआधी हे आठवा.

रात्री आवरताना क्रम काय असावा?

गॅस आधी सिलिंडरकडून बंद करा, नळीतला उरलेला गॅस जळून जाऊ द्या, मग बर्नरची चावी बंद. तवा कोमट असताना कागदाने पुसा. दुसऱ्या दिवशी घासायला बसलात तर दुप्पट वेळ जातो. चरबीचा थाळा काढून आत ठेवा, नाहीतर रात्री कोल्हा येतो. इंग्लंडमधल्या साइटवर तो हमखास येतो.

कोळसा असेल तर झाकण आणि हवेची भोकं बंद करून शेगडी बाहेर, मोकळ्यावर ठेवा. सकाळी राखेवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हाताला गार लागल्यावरच साइटने सांगितलेल्या लोखंडी पिंपात टाका. ज्या सकाळी लवकर निघायचं असेल, त्याच्या आदल्या रात्री कोळसा पेटवूच नका.